भोक न पाडता

वैजयंती मुळे कारखान्यातून इन्स्पेक्शन इंजिनिअर म्हणून निवृत्त झाली आणि तिने दोन सीटची लाल स्पोर्ट्‌स कार घेतली. पुढे नंबर प्लेटला जागाच नव्हती. प्लेट बसवणाऱ्या दुकानदाराने भोक पाडायला बंपरवर ड्रिल टेकवताच ती गाडी घेऊन तडक अवधपुरीत आली, दत्तात्रय ढोबळ्यांकडे. ते तिच्याच कारखान्यातले जुने टर्नर.

ढोबळे बंपरवरच्या छोट्या झाकणाशी थांबले. "मॅडम, ह्याच्यामागे काय आहे?"

"गाडी ओढायचा हूक लावायची जागा."

"मग भोक आहेच की!"

त्यांनी डिकीतला हूक मागून घेतला आणि त्याचे आटे मोजले. आटे उलटे होते. चार दिवसांनी त्यांनी ओळखीच्या लेथवर तसाच दांडा कातून आणला. तो आत घट्ट बसला. त्यावर पट्टी, पट्टीवर प्लेट, आणि रंगाला ओरखडा नको म्हणून मागे रबर.

वैजयंतीने प्लेट हलवून पाहिली. ती जागची हलली नाही.

"इतकी वर्षं तुमचं काम पास केलं," ती म्हणाली, "पण तुमचं डोकं कसं चालतं, ते आज पाहिलं."

ढोबळे लाजले. "जरा आत बसून बघू का?"

तिने किल्ली त्यांच्या हातात दिली. "बसू नका, चालवा. बिट्टन मार्केटपर्यंत जाऊ."