जितंजागतं

बळीरामने स्टुलावर चढून चित्राच्या चौकटीला हार घातला, दोन्ही बाजू सारख्या केल्या आणि खाली उतरून मान तिरकी करून पाहिलं. शेवंतीचा भरगच्च हार होता, मधे मधे गुलाब. त्याला सांगितलं होतं ते फक्त दाराला झेंडूचं तोरण. हा हार त्याने स्वतःच्या मनाने आणला होता. मग त्याने चित्राखाली स्टीलची ताटली ठेवली, तिच्यात मेणबत्ती उभी केली, अगरबत्ती लावली, डोक्यावरची टोपी काढली आणि चित्रातल्या म्हाताऱ्या बाईपुढे हात जोडून उभा राहिला. बाई त्याच्या ओळखीची नव्हती. पण गेलेल्या माणसापुढे उभं राहायला ओळख लागते, असं त्याने कधी मानलं नव्हतं.

बाहेर खुर्च्या मांडून ममता आत आली तेव्हा तिला आधी अगरबत्तीचा वास आला आणि मग हार दिसला. ती दारातच थबकली.

"काका, हे काय केलं तुमी?"

"कोन होत ह्या माय?" बळीरामने हलक्या आवाजात विचारलं. "कवा गेल्या?"

"गेल्या नाईत. येऊन राह्यल्या. जीपनं."

बळीरामला ते समजायला जरा वेळ लागला. समजलं तेव्हा त्याने टोपी घाईघाईने डोक्यावर ठेवली, जणू चूक टोपी काढण्यातच झाली होती. मग तो आपली बाजू मांडू लागला. चित्राखाली नाव लिहिलं होतं, रामीबाई आडे, आणि नावापुढे साल होतं. साल कोणाच्या नावापुढे लिहितात? शिवाय हा हॉल. कापसाच्या जिनिंगचं जुनं गोदाम शाळेतून निवृत्त झालेल्या देवराव सरांनी झाडून-रंगवून गॅलरी केलं खरं, पण गावाने त्याचा उपयोग आतापर्यंत शोकसभांसाठीच केला होता, आणि त्या प्रत्येक सभेचा हार बळीरामच्या फुलांच्या दुकानातून आला होता. आणि सगळ्यात मोठं कारण त्याने शेवटी सांगितलं. चित्र ममताने काढलेलं होतं.

 हे शेवटचं कारण खरं होतं.

दिग्रसमध्ये ममताला सगळे ओळखत, आणि तिच्याकडे जायची वेळ येऊ नये असंच सगळ्यांना वाटे. तिचे वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे. फ्लेक्स आले आणि पाट्या गेल्या. ममता चित्रकला शिकून परत आली तेव्हा तिच्या वाट्याला एकच काम उरलं होतं. कोणी वारलं की घरचे लोक आधार कार्डावरचा फोटो घेऊन येत, नाहीतर लग्नाच्या गर्दीतला एखादा पुसट चेहरा बोटाने दाखवत, आणि तेरवीच्या आत मोठं चित्र मागत. ममता ते करून द्यायची. फोटोत उघडं राहिलेलं शर्टाचं बटण चित्रात लावायची, बायकांच्या डोक्यावर पदर द्यायची. लोक चित्र पाहून रडत आणि म्हणत, अगदी जितंजागतं केलं बाई. हे ऐकून पहिल्या वेळी तिला फार बरं वाटलं होतं. पुढे पुढे तिला त्या शब्दाचा कंटाळा आला, आणि मग लाज वाटू लागली. कोणी गेल्याशिवाय आपल्या हाताला काम मिळत नाही, ही गोष्ट रोज उठून मनात आणणं सोपं नव्हतं.

बळीरामचंही काम त्यावरच चालायचं. तिच्याकडे चित्र टाकलं की लोक त्याच्याकडे हार सांगायला जात. त्याच्या बायकोचं, इंदूबाईचं चित्रही ममतानेच केलं होतं. तो अधूनमधून ममताची चेष्टा करी, "माही बारी आली का पोरगं तुह्याकडंच येईन. सांगून ठेवलं त्याले, चांगला फोटो देजो म्हनून." ममता हसायची. पण असं हसणं तिला नको होतं.

देवराव सरांनी आसपासच्या कलावंतांचं प्रदर्शन ठरवलं, तेव्हा तिने ठरवून टाकलं की या वेळी जित्या माणसाचंच चित्र ठेवायचं. बोरी अरबचा रजत कापसाच्या पऱ्हाटीच्या काड्यांचे बैल आणणार होता, केळापूरकडचे एक मास्तर जंगलाची चित्रं आणणार होते. ममता गावाबाहेरच्या बंजारा तांड्यावर गेली. तिथे जुना पेहराव अजून अंगावर वागवणाऱ्या बायका थोड्याच उरल्या होत्या, आणि त्यांच्यात रामीबाई सगळ्यात वडील. आरशांची चोळी, कोपराच्या वर चढलेल्या पांढऱ्या बांगड्या, आणि तोंड दिवसभर चालू.

रामीबाईने पहिल्यांदा साफ नाही म्हटलं. तिच्या घरातल्या भिंतीवर सासरा होता, थोरला दीर होता आणि नवरा होता, तिघांनाही हार. चौथी जागा रिकामी होती आणि ती कोणाची आहे हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती.

"भिंतीवर गेलेलं मानूस खाली उतरत नाई, पोरी," ती म्हणाली होती.

ममता जात राहिली. कधी चहा घेऊन परत आली, कधी तुरीच्या शेंगा सोलू लागली. शेवटी रामीबाई कंटाळली म्हणा की तिला पोरीची दया आली म्हणा, ती हातात भरतकाम घेऊन ओट्यावर येऊन बसली. काढ, पण मेल्यावानी नको, एवढंच तिने बजावलं. ममताला आजवर न हलणाऱ्या लोकांची सवय. रामीबाई मात्र एक क्षण स्वस्थ बसेना. हलू नका, हलू नका म्हणून ममताचा घसा बसला आणि रामीबाईची सुई वरखाली चालूच राहिली. शेवटी ममताने हात टेकले आणि तिला तसंच काढलं, सुई वर उचललेली, तोंड अर्धवट उघडं, कोणाची तरी कागाळी सांगता सांगता. ते तिच्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं चित्र होतं आणि हे तिला स्वतःलाही माहीत होतं.

तांड्यातल्या बाकीच्या बायका लांबून पाहत होत्या. ममताने त्यांनाही विचारलं होतं. त्यांनी नाही म्हटलं नाही आणि हो पण म्हटलं नाही. आधी रामीबाईचं काय होते ते पाहू, असं त्यांचं ठरलं होतं. आज त्या सगळ्या जीपमध्ये बसून तेच पाहायला निघाल्या होत्या.

ममता स्टुलावर चढली. हार ओढला तर चौकटीमागच्या खिळ्यात त्याचा दोरा अडकलेला. बळीराम खालून सूचना करू लागला, डावीकडून घे, तोडू नको, फुलं गळतीन. तिने दोन्ही हातांनी हार उचलून धरला आणि दोरा शोधायला मान चौकटीमागे घातली. बाहेर जीप थांबल्याचा आवाज तिला ऐकू आला नाही.

तिने मान बाहेर काढली तेव्हा दारात रामीबाई उभी होती. मागे तिचा मुलगा सुनील, सून वर्षा आणि तांड्यातल्या बायका. त्यांना दिसलं ते असं, की ममता स्टुलावर उभी आहे, खाली मेणबत्ती आणि अगरबत्ती जळते आहे, आणि ती स्वतःच्या हाताने रामीबाईच्या चित्राला हार घालते आहे.

 वर्षाने पदर तोंडाला लावला. बायका एकमेकींकडे न पाहता दारापासून मागे सरकल्या.

"हे दाखवायले बलावलं का तुमी आमाले?" सुनील म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे ते जास्तच लागलं.

ममताला खाली उतरायचं सुचलं नाही. 

"तिची चूक नाई, भाऊ," बळीराम पुढे झाला. "म्याच घातला हार. मले वाटलं का..." काय वाटलं ते रामीबाईच्या तोंडावर सांगता येण्यासारखं नव्हतं, म्हणून तो तिथेच थांबला.

सुनीलने आईचा दंड धरला. याडी, चल, असं म्हणून त्याने चित्राकडे हात केला आणि हे आपण सोबत घेऊन जाऊ, इथे ठेवायचं नाही, असं ममताला ऐकू जाईल इतपत सांगितलं. तो चुकीचं काही बोलत नव्हता. ममताने मनातल्या मनात ती भिंत रिकामी झालेली पाहिली, आणि जीपमध्ये गुपचूप परत चाललेल्या बायकाही पाहिल्या. उद्या कोणीतरी फोटो घेऊन येईल आणि आपण त्याचं बटण लावत बसू, हेही तिला दिसलं.

रामीबाईने मुलाच्या हातातून दंड सोडवून घेतला आणि बांगड्या वाजवत ती चित्रापर्यंत आली. चेहरा वर करून तिने बराच वेळ पाहिलं. सुई पाहिली, उघडं तोंड पाहिलं. मग खालची मेणबत्ती पाहिली आणि बळीरामकडे वळली.

"हात जोडले का तू?"

"जोडले," बळीराम म्हणाला.

"काय म्हनलं?"

बळीरामने टोपी पुन्हा काढली. "म्हनलं, बाई चांगली असन."

रामीबाईचं तोंड जरासं हललं. वर्षा मेणबत्ती विझवायला वाकली तशी तिने सुनेला हातानेच थांबवलं. मग ती ममताकडे पाहून म्हणाली,

"तो हार आन इकडं."

ममताने हिसका दिला. दोरा सुटला, थोड्या पाकळ्या खाली पडल्या. हार घेऊन ती उतरली आणि तो कुठे द्यावा हे न कळून तशीच उभी राहिली. रामीबाईने डोक्यावरची ओढणी मागे सारली आणि मान खाली घातली. सुनीलने एक पाऊल पुढे टाकलं आणि मागे घेतलं. ममताने हार तिच्या गळ्यात घातला. चोळीच्या आरशांवर पिवळी फुलं टेकली.

"माह्या मालकाले असाच घातलता," रामीबाई म्हणाली. "त्याइले वास नाई आला."

तिने दोन्ही हातांनी हार उचलून नाकाशी धरला, डोळे मिटले आणि छाती भरून श्वास घेतला.

"मले येऊन राह्यला."

ममताला रडू आलं आणि तिने ते लपवलं नाही. सुनीलने खिडकीकडे तोंड केलं. मग थोड्या वेळाने तो बाहेर जाऊन एक खुर्ची घेऊन आला आणि चित्राच्या बरोबर खाली ठेवून आईला म्हणाला की आता बसायचंच आहे तर इथे बस.

रामीबाई तिथे संध्याकाळपर्यंत बसली. उद्घाटन झालं, भाषणं झाली, कापसाच्या गाड्या खाली करून आलेले लोक कपड्यांवरचा कापूस झटकत आत शिरले. रजतच्या बैलांपाशी थांबले, मास्तरांच्या जंगलात कोणतं झाड कोणतं यावरून त्यांनी वाद घातला, आणि मग चित्रापाशी आले. वर पाहिलं, खाली पाहिलं, पुन्हा वर पाहिलं. त्यांच्या तोंडून सवयीने तेच निघालं, जितंजागतं केलं बाई. खुर्चीतून रामीबाई म्हणायची, हाव, मीच होय ते. आणि लगेच दुसरी कुठलीतरी गोष्ट सांगायला लागायची, हातात सुई नव्हती एवढंच. ममता कोपऱ्यात उभी राहून ऐकत होती. त्या शब्दाचा तिला आज कंटाळा आला नाही.

जीप निघायच्या वेळी तांड्यातली एक बाई उगाच मागे रेंगाळली. गॅलरीचं छत, पंखे, सगळं पाहून झाल्यावर ती ममताला म्हणाली की बाजाराच्या दिवशी मात्र येऊ नको, मी घरी नसते. एवढं सांगून ती भरभर निघून गेली. ममताला त्यात काय सांगितलं गेलं ते जीप वळणावर गेल्यावर उमगलं.

देवराव सर दिवे मालवायला निघाले होते, तेवढ्यात बळीराम परत आला. केस पाण्याने चोपून बसवलेले, इस्त्रीचा शर्ट, टोपी नाही. हातात फुलंही नव्हती. तो काही वेळ हॉलमध्ये इकडेतिकडे फिरला, पऱ्हाटीच्या बैलांवरून हात फिरवला, खाली पडलेल्या शेवंतीच्या पाकळ्या वेचून खिशात टाकल्या. ममताने विचारलं, काका, काही राहिलं का?

"मी काय म्हनतो," तो म्हणाला, "पोराच्या भरवशावर कायले सोडाचं? तो आधार कार्डाचाच फोटो देईन."

ममताने त्याच्याकडे पाहिलं. मग पिशवीतून कागद काढला. देवराव सरांनी बटणावरचा हात मागे घेतला.

बळीराम रामीबाईच्या खुर्चीत बसला. पाठ ताठ केली, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले, हनुवटी वर, ओठ गच्च मिटलेले, नजर समोरच्या भिंतीवर. ममताकडे आलेल्या सगळ्या फोटोंमध्ये माणसं अशीच बसलेली असायची. त्याने श्वासही रोखला होता. ममताने पेन्सिलीला टोक केलं, कागद मांडीवर घेतला आणि काही न काढता त्याच्याकडे पाहत राहिली.

"काका," ती म्हणाली, "हला नं थोडे."