वाचकांना ती आवडत नाही

“तिला मारा,” वहिनी म्हणाली आणि दिराच्या ताटात आणखी भात वाढला.

“कोणाला?” दिराने विचारलं. तो लिफ्टचा मेकॅनिक होता, चाळिशी उलटलेला, आणि भात हवा की नको हे त्याला या घरात कोणी विचारत नसे.

“पाचव्या मजल्यावरच्या बाईला. मी नाही म्हणत हं, वाचक म्हणतायत.” वहिनीने कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला आणि फोनवरून वाचायला लागली. “‘पहिला भाग वाचताना हसून हसून पोट दुखलं. दुसऱ्या भागात नायकाला मैत्रीण मिळाल्यापासून पोट अजिबात दुखत नाही. तिला मारा, ही नम्र विनंती.’ निवृत्त मुख्याध्यापक आहेत.”

“नम्र आहेत,” दादा जेवता जेवता म्हणाला. दादा म्हणजे मेकॅनिकचा थोरला भाऊ. बायकोच्या पुस्तकांबद्दल तो एवढंच बोलायचा.

वहिनीने लिहिलेलं पहिलं पुस्तक होतं ‘एका माणसाचा कुकर’. एकट्या राहणाऱ्या एका माणसाची ही विनोदी कादंबरी धो धो खपली होती. तिच्यातला शब्द न् शब्द दर रविवारी जेवायला येणाऱ्या दिराकडून आला होता. गादीच्या दुकानात जाऊन डबल बेडच्या फक्त डाव्या बाजूचा भाव त्यानेच विचारला होता. घाईच्या सकाळी कुकरमध्ये मोजे त्यानेच वाफवले होते. तो सांगायचा, वहिनी लिहायची, आणि अनोळखी माणसं बसमध्ये एकटीच हसायची. मेकॅनिकला याचा अभिमान होता. समोर हजर नसताना इतक्या लोकांना हसवणं काही सोपं नाही.

मग आला दुसरा भाग, ‘दुसरी शिट्टी’. त्यात पाचव्या मजल्यावर राहणारी एक बाई होती, कारण मेकॅनिकने एका रविवारी तिच्याबद्दलही सांगून टाकलं होतं. आता वहिनी तिसरा भाग लिहीत होती.

ती खरोखरची बाई दातांच्या दवाखान्यात नर्स होती. तिच्या इमारतीची जुनी, जाळीच्या दाराची लिफ्ट मेकॅनिककडे देखभालीला होती. ती त्यात अडकली, त्याने तिला काढलं, तिने चहा पाजला. तेव्हापासून तो तिला ‘सिस्टर’ म्हणायचा. प्रेमाच्या कामी हा शब्द अगदीच गैरसोयीचा, पण तोंडात बसला होता. एका संध्याकाळी तिने विचारलं होतं, “तुमचं सामान किती आहे?”

“एक कपाट, एक कॉट, एक कुकर.”

“कुकर नको. माझा मोठा आहे.”

एवढ्यावर सगळं ठरलं. पुढच्या महिन्यात दोघं नोंदणी कार्यालयात जाणार होती.

“पुढचं ऐका,” वहिनी म्हणाली. “‘नायक सुखी झालेला बघवत नाही. आम्ही याच्यासाठी पुस्तक विकत घेतलं का?’ ही कॉलेजातली मुलगी आहे. आणि हा म्हणतो, ‘बाईला काढा. कशी काढायची ते लेखिकेने बघावं.’”

“वहिनी, सगळेच असं म्हणतात?”

“नाही, नाही. एका बाईंना ती आवडलीय. पण त्यांना सगळंच आवडतं.”

*

दोन-तीन दिवसांनी एका ऑफिसच्या इमारतीत लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. मेकॅनिक केबिनच्या टपावर उतरला. खाली आत दोघं होते, एक जाड आवाजाचा, एक बारीक आवाजाची. शाफ्टमध्ये अंधार होता, वंगणाचा वास होता, आणि पंख्याच्या जाळीतून त्यांचं बोलणं धुरासारखं वर येत होतं.

“वर कोणी आहे का?”

“आहे. घाबरू नका, दहा मिनिटांचं काम आहे.”

“आम्ही कसले घाबरतोय! आम्ही पुस्तकाबद्दल बोलतोय. ‘दुसरी शिट्टी’ वाचलीत का?”

“त्यात आहे मी,” मेकॅनिक म्हणाला. मग सावरून म्हणाला, “म्हणजे वाचतोय, मधोमध आहे.”

“मग त्या बाईबद्दल काय मत?” बारीक आवाजाने विचारलं.

मेकॅनिकच्या हातातला पाना थांबला. “बरी आहे की.”

“छे हो! तिच्यामुळे सगळं गोड गोड झालंय. आमचं ठरलंय, आता ती लिफ्टच्या खड्ड्यात पडायला हवी. नायक लिफ्टवालाच आहे ना? ती दार उघडते, पाय टाकते, आणि लिफ्टच नाही!”

जाड आवाज इतका हसला की केबिन हलली. “हातात चहाचा कप घेऊन,” तो म्हणाला.

“अय्या, हो! कप हवाच.”

मेकॅनिकने केबिन हाताने खाली घेतली, दार उघडलं. आतून दोन अगदी सज्जन माणसं बाहेर आली. बाईने त्याला बिस्कीट दिलं. “तुमचे उपकार झाले,” ती म्हणाली, आणि ते खरंच तिला वाटत होतं, ते तिच्या डोळ्यांत दिसत होतं. मेकॅनिक बिस्कीट हातात धरून बराच वेळ उघड्या दाराशी उभा राहिला.

*

रविवारी वहिनी ताट वाढण्याआधीच म्हणाली, “भाऊजी, एक कामाचं विचारू? दार उघडलं आणि आत लिफ्ट नसली, असं होतं का हो?”

“हे तुम्हाला कोणी सुचवलं?”

“कोणी एकाने का? ढीगभर लोकांनी. कुठून सुरू झालं कोणास ठाऊक, आता सगळे तेच म्हणतात. प्रकाशकांचा फोन होता, वाचक म्हणतील ती पूर्व दिशा. होतं का असं?”

इथे खरं तर त्याने गप्प बसायचं. पण आजवर त्याच्या कामाबद्दल या घरात कोणी एकही प्रश्न विचारला नव्हता. “सहसा होत नाही,” तो म्हणाला. “केबिन समोर आल्याशिवाय दाराचं लॉक सुटतच नाही. पण लॉकमधली छोटी चकती झिजली ना, तर मात्र दार नुसतं ओढलं तरी उघडतं. वरून काही कळत नाही. रोजच्यासारखंच दिसतं.”

“रोजच्यासारखंच दिसतं,” वहिनी पुटपुटली आणि लिहून घेतलं. “वा! भाऊजी, तुमच्यासारखं कोणी सांगत नाही.”

दुसऱ्या भागाच्या वेळीच त्याला एक गोष्ट खटकली होती. पहिल्या भागात आधी त्याच्या हातून घडायचं आणि मग छापून यायचं. दुसऱ्या भागात नायकाच्या किल्ल्या गटारात पडल्या, आणि पुस्तक बाजारात आल्यावर आठवड्याभरात मेकॅनिकच्याही पडल्या. नायकाच्या अंगावर खिडकीचा पडदा दांडीसकट आला, तसा याच्याही आला. त्याने हे सांगितल्यावर वहिनी वैतागली होती. “मी लिहिलं म्हणून लगेच करून दाखवायलाच हवं का, भाऊजी?”

तो जेवण टाकून थेट सिस्टरच्या इमारतीत गेला. पाचव्या मजल्यावरचं लॉक उघडून पाहिलं. चकती ठणठणीत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं, ठणठणीत. संध्याकाळी पाहिलं. लॉक त्याच्याकडे असं बघत होतं, जणू त्याला काही माहीत आहे. बिघाड सापडला असता तर त्याने तो चुटकीसरशी काढला असता. पण जो बिघाड अजून झालाच नाही, तो दुरुस्त कसा करायचा? त्याने लिफ्टचा मेन स्विच बंद केला आणि तळमजल्यावर पाटी लावली. ‘लिफ्ट बंद आहे.’

*

“काय बिघडलंय?” सिस्टरने विचारलं. ती जिना चढून आली होती आणि दाराच्या चौकटीला धरून उभी होती. दिवसभर दवाखान्यात उभं राहून तिचा उजवा गुडघा सुजायचा.

“काही नाही.”

“मग चालू करा.”

“तेच तर करता येत नाही.”

पहिला आठवडा ती हसली. दुसऱ्या आठवड्यात तिने गुडघ्याला पट्टा बांधला. इमारतीचा सेक्रेटरी फोन करकरून थकला. मेकॅनिक त्याला सांगायचा, “पार्ट मागवलाय.” कोणता, हे मात्र सांगत नसे. तिसऱ्या आठवड्यात सिस्टर चौथ्या मजल्याच्या पायरीवर बसलेली त्याला सापडली. भाजीची पिशवी मांडीवर होती, पाय समोर पसरलेला.

“आज खरं सांगा,” ती म्हणाली. “नाहीतर मी इथून हलणार नाही.”

त्याने शेजारी बसून सगळं सांगितलं. पुस्तक, मुख्याध्यापक, बिस्कीट, चकती. ती आधी खो खो हसली. मग तिचं हसू हळूहळू कमी होत बंद पडलं.

“म्हणजे मी पुस्तकात आहे?”

“तुमच्यासारखी कोणीतरी.”

“कशी आहे ती?”

“वाचकांना ती आवडत नाही.”

“आणि तुम्हाला?”

कोणत्याही माणसाला इथे काय बोलायचं ते कळलं असतं. मेकॅनिकलाही कळत होतं. पण त्याच्या डोळ्यांपुढे पाचव्या मजल्याचं जाळीचं दार होतं आणि चहाचा कप होता. “मी लिफ्ट बंदच ठेवतो,” तो म्हणाला.

“हे उत्तर झालं?” ती कठड्याला धरून उठली. “अहो, मला खड्ड्याची भीती नाही. मला या जिन्याची भीती वाटायला लागलीय. असं पाच मजले चढून संसार होत नाही. काहीतरी एक ठरवा.”

*

त्याने ठरवलं. रविवारी तो जेवायला बसलाच नाही, उभ्यानेच म्हणाला, “वहिनी, तिला मारू नका.”

“अहो, मी कुठे मारतेय! वाचक...”

“मग त्यांचं लग्न लावा.”

वहिनीने लेखणी खाली ठेवली. तिचा आवाज एकदम मऊ झाला, आणि तो मऊ झाल्याबरोबर मेकॅनिकच्या मानेवर काटा आला. “भाऊजी, एकट्या माणसाचं पुस्तक आहे ते. लग्न लावलं की पुस्तक संपलं.”

“आणि तू रविवारी येईनासा झालास,” दादा म्हणाला, “तर हिने लिहायचं तरी कशावर? माझ्यावर?”

दोघंही दादाकडे बघत राहिले. खरंच, दादावर लिहिण्यासारखं काही नव्हतं. वाढलेल्या ताटातून वाफ निघत होती. शेजारी उपडा ठेवलेला वहिनीचा फोन थांबून थांबून थरथरत होता. बाहेरची माणसं मतं देत होती.

“बरं, असं करू,” वहिनी म्हणाली. “मारत नाही. ती नुसती निघून जाते. सामान बांधते आणि जाते. कोणाला लागत नाही, काही नाही. चालेल?”

मेकॅनिकच्या छातीवरचा धोंडा उतरला. त्याने खुर्ची ओढली आणि बसला. ती जगणार होती. पाऊल चुकणार नव्हतं, कप फुटणार नव्हता.

“चालेल,” तो म्हणाला. आणि भात मागून घेतला.

*

दुसऱ्या दिवशी तो शीळ घालत सिस्टरच्या इमारतीकडे गेला. आधी पाटी काढायची, मग स्विच टाकायचा, मग वर जाऊन पायरीवरच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं, असा क्रम त्याने वाटेतच लावला होता. दारात टेम्पो उभा होता. त्यात एक कॉट आडवी घातलेली होती, आणि ती सिस्टरची आहे हे त्याने लगेच ओळखलं.

तो पाच मजले धावत चढला. सिस्टर रिकाम्या खोलीत एका खोक्याला दोरी बांधत होती.

“तळमजल्यावरची खोली मिळाली,” ती म्हणाली. “दवाखान्याच्या पलीकडे. अंगण आहे छोटंसं.”

“मी लिफ्ट चालू करतो. आता काही होणार नाही. मी बोललोय त्यांच्याशी.”

“काय बोललात?”

त्याने तोंड उघडलं. आपण नक्की कशाला ‘चालेल’ म्हणून आलो, ते त्याला त्या मोकळ्या खोलीत, ऐन उन्हात, पहिल्यांदा नीट ऐकू आलं.

सिस्टरने थोडा वेळ वाट पाहिली. मग दोरीची गाठ आवळली. “कपाट जड आहे,” ती म्हणाली. “हमालांना जिन्यावरून जमेना. तेवढं न्याल का?”

त्याने स्विच टाकला. लिफ्ट कुरकुर न करता वर आली. पाचव्या मजल्यावर त्याने आधी जाळीतून केबिन पाहिली, दार उघडून फरशीवर पाय आपटून पाहिला, मग हमालांबरोबर कपाट आत सरकवलं. कपाट आणि तो मिळून जागा भरून गेली.

“तुमच्यासाठी परत घेऊन येतो,” तो म्हणाला.

“नको. मी जिन्याने येते.”

खाली पोचल्यावर त्याने हमालांबरोबर कपाट टेम्पोत चढवलं आणि परत येऊन लिफ्टचं दार उघडं धरून उभा राहिला. वर कुठेतरी तिची पावलं होती, एक हलकं, एक जड. मजला उतरला की ती थांबायची आणि सगळी इमारत गप्प व्हायची. वरच्या मजल्यावर कोणीतरी लिफ्टचं बटण दाबलं. घंटी वाजली, पुन्हा वाजली, मग बोट दाबूनच धरलं गेलं आणि ती थांबेचना. दार लागल्याशिवाय लिफ्ट हलणार नव्हती. पावलं पुन्हा सुरू झाली, आणि घंटी वाजत असताना, ती शेवटच्या पायरीवर येईपर्यंत, त्याने दार सोडलं नाही.