अंकिताचं नेट कुणी अडवलं

मी राऊटर बोलतोय. राहू गावात आनंदरावांच्या घरी टीव्हीच्या वरच्या फळीवर असतो. घरची माणसं मला वायफायचा डबा म्हणतात. कारखान्यातून निघालो तेव्हा मीही स्वतःला डबाच समजत होतो. माझं खरं काम ओळखलं ते आनंदरावांच्या धाकट्या लेकीनं, अंकितानं.

ती लढाईचा एक खेळ खेळायची. तो तिच्या जुन्या फोनमध्ये नव्हताच. तो चालायचा लांबच्या कुठल्यातरी मोठ्या संगणकावर. माझ्यातून फक्त त्याचं चित्र यायचं आणि तिच्या बोटांचा हुकूम तिकडं जायचा. वाटेत जरा उशीर झाला की खेळ संपला. हे तिचं तिनंच शोधलं. मग ती माझ्याजवळ बसायची, फोनचा बॅटरी सेव्हर बंद करायची, चित्राचा दर्जा एक पायरी उतरवायची आणि नव्या फोनवाल्यांना लोळवायची.

थोरला भाऊ सुमित तिच्याकडून सारखा हरायचा. शिरूरच्या संघानं अंकिताला घेतलं, त्याला राखीव ठेवलं. तो हसून बरं झालं म्हणाला.

पुण्याच्या स्पर्धेसाठी निवडीचा सामना रविवारी दुपारी होता. अंकिता अंगणात धुणं वाळत घालत होती, तेवढ्यात सुमित माझ्या सेटिंगमध्ये शिरला आणि त्यानं तिच्या फोनला घोटभरच नेट ठेवलं.

सामना सुरू झाला आणि चित्र फुटलं. अंकितानं दर्जा उतरवला, जरा जमलं. शेजारी बसलेल्या सुमितनं आपल्या फोनवरून तो घोटही निम्मा केला. तिनं दर्जा तळाला नेला. समोरचा गडी नुसता ठिपका दिसत होता, तरी ती लढत राहिली. शेवटी बोट आधी हलायचं आणि खेळ मागाहून.

"अंकिता, तू उतर," संघाची कप्तान सोनम फोनवरून म्हणाली. "तुझ्यापायी आम्ही सगळे मरतोय."

अंकितानं भावाकडं पाहिलं. "दादा, माझं नेटच चालंना. बसतोस का माझ्या जागी?"

"बसतो की."

त्याच्या फोनवर चित्र लख्ख होतं. संघ जिंकला.

"पोरीचं काम न्हाई हे," आनंदराव म्हणाले. "आता तरी पटलं का?"

"व्हय, आप्पा," ती म्हणाली. पुण्याला जायची सुमितची बॅग तिनंच भरली.

तिच्या फोनवरचं ते बंधन सुमितनं काढलंच नाही. तिनं खेळणंच सोडून दिलं. मैत्रिणींना सांगते, माझी बोटंच मंद झालीत.

माझ्या पाठीला सुईच्या टोकाएवढं भोक आहे. त्यात काडी दाबून धरली की सुमितनं केलेलं सगळं पुसलं जाईल. अंकिता, एकदा दाब गं. पण मला तोंड कुठं आहे? ती सकाळी मला पुसते, फडकं त्या भोकावरून जातं, आणि ती मला परत भिंतीला टेकवून ठेवते.