मांडीवरची थाप

कारखान्यात तिला सगळे फौजदारीण म्हणत, आणि तेही तोंडावर. जीन्सला धातूचं बटण ठोकायचं मशीन ती अठरा वर्षं चालवत होती. कापड धरायचं, पॅडल दाबायचं आणि हात काढून मांडीवर एक थाप मारायची. ही थाप कुठल्या पुस्तकात नव्हती. मशीनचा ठोका कधीमधी आपणहून दुसऱ्यांदा पडे, तेव्हा हात मांडीवर असलेला बरा. हे शहाणपण आलं ते तिच्या जावेची दोन बोटं गेल्यावर. सातासमुद्रापलीकडच्या मुख्य ऑफिसनं तेव्हा मशीन दुरुस्त केलं नाही. भिंतीवर लावायला एक चित्र तेवढं पाठवलं. त्यात एक बाई हसत होती, दहाही बोटं शाबूत!

आता त्याच ऑफिसला आणखी स्वस्त देश सापडला होता. महिनाअखेर मशीनं बोटीत चढणार आणि बायका घरी बसणार. वर निर्लज्जपणा असा, की तिकडून आलेल्या मुलींना जाण्याआधी काम यांनीच शिकवायचं.

"थाप शिकवायची नाही," मॅनेजर म्हणाला. "दर बटणामागे पाऊण सेकंद जातो. वरून तसं कळवलंय."

"आणि ठोका दोनदा पडला तर?"

"ते तिकडचे बघून घेतील. तुम्हाला अनुभवाचं पत्र हवंय ना?"

हवं होतं. पत्राशिवाय दुसरा कारखाना दारात उभं करत नव्हता, आणि घरात कमावणारी ती एकटीच.

तिच्या वाट्याला आलेली मुलगी जेमतेम विशीची. एकमेकींची भाषा दोघींनाही कळत नव्हती. माझ्या पोटावर पाय द्यायला आलीये, या विचारानं फौजदारिणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. थाप दिसू नये म्हणून ती स्वतः मशीनवर बसलीच नाही, नुसती बोटानं दाखवत राहिली. 'पडू दे दुसरा ठोका, मग कळेल,' असं ती मनात म्हणाली. म्हणताना तिला बरंही वाटलं.

तिसऱ्या दिवशी तो पडला. मुलीनं बटण लागलेलं कापड काढायला हात नेला आणि नखाला घासून ठोका खाली आला. मुलगी दचकली, मग गंमत वाटल्यासारखी हसली. फौजदारिणीनं मात्र झटकन मुलीचा हात मागे ओढला. आपण कुणाचा राग कुणावर काढतोय, हे तिला त्या हसण्यानं दाखवलं.

जाऊ वेगळी राही आणि आता त्याच हॉलमध्ये झाडू मारत असे. फौजदारिणीनं तिला हाताला धरून ओढत आणलं, तिचा तीन बोटांचा पंजा मुलीसमोर धरला आणि मशीनकडे बोट केलं. मुलीचं हसू मावळलं. मग फौजदारीण मशीनवर बसली. पॅडल. थाप. पुन्हा पॅडल, पुन्हा थाप.

"पत्र विसरा हं!" मॅनेजर ओरडला.

"चुलीत घाल तुझं पत्र! बोटं काय तुझ्या बापाची आहेत?"

हॉलमधल्या चाळीस बायकांनी एकदम मांडीवर थाप मारली. ती मुलगी उठली, आपल्या मैत्रिणींकडे धावली आणि एकेकीचा हात धरून मांडीवर आपटू लागली.

मशीनं ठरल्या दिवशी गेली. पत्र मिळालं नाही. फौजदारीण अजून काम शोधते आहे. अनुभवाचा कागद कुठाय, असं कुणी विचारलं, की ती दोन्ही पंजे टेबलावर पसरते आणि म्हणते, "मोजा."