कुंडावर सांगितलेली आद्दी

माझा नवरा विल्बर्ट गाइड आहे, आणि त्या रविवारी मी त्याच्या हातातला माइक हिसकावून घेतला. चारचौघांत रेय्नानं नवऱ्याची अब्रू घालवली, असं गावभर चाललंय. चालू दे. मला कुणाच्या बापाची भीती नाही.

रविवारी आम्हा इथल्या लोकांना देवळं आणि पिरॅमिड फुकट बघायला मिळतात. आमच्याच माया पूर्वजांनी रचलेले दगड, आम्हालाच फुकट. केवढे उपकार! सासूबाईंच्या, म्हणजे दोन्या बोनिफासियांच्या, किती दिवस मनात होतं की एकदा लेकाचं काम डोळ्यांनी बघावं. त्यांना माया भाषेखेरीज दुसरं काही येत नाही. स्पॅनिशमध्ये फक्त ‘देव भलं करो’. ठेवणीतला भरतकामाचा इपिल, म्हणजे आमचा घोळदार झगा घालून, गळ्यात साखळी घालून, लेकासाठी डब्यात डुकराच्या मटणाची कोचिनिता घेऊन त्या निघाल्या.

विल्बर्टच्या मागे राजधानीतून आलेली बसभर माणसं होती. आम्ही दोघी शेवटी.

“काय म्हणतोय गं?”

“पायऱ्या चढू नका म्हणतोय.”

“बघ, कसे मुकाट ऐकतायत त्याचं!” सासूबाई म्हणाल्या.

पिरॅमिडपाशी त्यानं सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या, दगडांतून पक्ष्यासारखा आवाज आला, सासूबाईंनीही वाजवल्या. तोवर ठीक होतं. मग सुरू झाली कापाकापी. हा चौथरा दिसला की रक्त, तो दिसला की मुंडकी. घरी कोंबडी कापायची म्हटलं तर हाच माणूस परसातून पळ काढतो! सासूबाईंनी विचारलं की मी म्हणायचे, “देवांचं सांगतोय.” दुसरं काय सांगणार, कपाळ?

कुंडापाशी तर त्यानं हद्दच केली. म्हणे, आमच्या बायका पावसासाठी आपल्या मुली हसत हसत या पाण्यात ढकलायच्या.

एका गृहस्थानं विचारलं, “अजूनही होतं का हो असं?”

विल्बर्टनं आवाज खाली आणला. “खेड्यापाड्यांत कोण विचारतंय? ती मागची म्हातारी बघा. तिचीही मुलगी पाण्यानंच घेतली.”

ती मुलगी म्हणजे याची सख्खी थोरली बहीण, आद्दी! सासूबाई तापानं फणफणल्या होत्या म्हणून ती पोर एकटीच गावच्या विहिरीवर गेली. कठडा ढासळला. सासूबाई तशाच अंगात ताप घेऊन दोर धरून खाली उतरल्या. तळहात असे सोलून निघाले की आजही त्यांची मूठ नीट मिटत नाही. त्याच हातच्या भाकऱ्या खाऊन हा वाढला, मेला!

सगळे वळून बघायला लागले. एका बाईनं आपल्या मुलीला पाठीमागे ओढलं. फोन वर झाले. आणि सासूबाई? त्यांना वाटलं, लेकानं ‘ही माझी आई’ म्हणून ओळख करून दिली. त्या हसून एकेकाला म्हणत होत्या, “देव भलं करो, देव भलं करो.”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी गर्दीतून थेट त्याच्यासमोर गेले.

“आत्ता जे बोललास ते माया भाषेत सांग. आईला सांग.”

“रेय्ना, घरी बोलू. लोकांना असलंच लागतं गं.”

“लोक गेले खड्ड्यात. आईला सांग.”

सासूबाई जवळ आल्या. “काय रे बाळा?”

त्यानं मान खाली घातली. “आद्दीचं सांगितलं, आई.”

मग त्यांनी दोन्ही हातांत त्याचा चेहरा धरला. “मला वाटायचं तू विसरलास तिला. एवढासा होतास तू. मी मुद्दामच काढत नव्हते रे विषय.”

त्यांनी त्याच्या हातातल्या माइककडे बोट दाखवलं.

“पण नाव नाही घेतलंस? घेतलं असतंस तर मला कळलं असतं. नाव सांग ना त्यांना. आणि ती माझ्यासाठी पाण्याला गेली होती, तेही सांग. थांबलेत बघ सगळे.”

तो नुसता माइक धरून उभा. तेव्हा मी तो हिसकावला आणि सगळं सांगितलं. ताप, कठडा, दोर, हात. ही बाई याची आई आहे हेही सांगितलं. फोन खाली गेले. ज्या बाईनं मुलीला ओढलं होतं, ती आमच्याकडे बघेना.

विल्बर्ट आधी काय बोलला होता, ते मी सासूबाईंना सांगितलेलं नाही. सांगणारही नाही. त्याच्या अब्रूसाठी नव्हे, त्यांच्यासाठी.

आता त्या दर रविवारी यायचं म्हणतात, लेक आद्दीचं सांगतो ते ऐकायला. विल्बर्ट म्हणाला, “हे दर रविवारी कसं सांगू गं मी?”

म्हटलं, “तुझं तू बघ. त्यांना स्पॅनिश कळत नाही, पण आद्दीचं नाव कळतं. त्या कान देऊन बसणार आहेत.”