समासातले आकडे

प्राध्यापकांनी पिशवीतून एक मोठा फोटो काढून टेबलावर ठेवला. आबारावांनी खिसे चाचपून चष्मा शोधला, आणि तो सापडला याचंच त्यांना वाईट वाटलं. फोटोत जुन्या फारसी ग्रंथाचं एक पान होतं. मधोमध एकात एक काढलेली वर्तुळं, कडेला बारीक रकाने आणि रकान्यांत अंक.

"तुम्हाला फारसी येते असं नळदुर्गला कळलं," प्राध्यापक म्हणाले. "जळकोट सोसायटीच्या सेक्रेटरींना भेटा म्हणाले. या भागात फारसी शिकलेलं दुसरं कुणी उरलं नाही म्हणे."

"निजामाच्या टायमाला शिकलो थोडं," आबाराव म्हणाले. एरवी हे वाक्य ते छाती पुढं काढून म्हणत.

प्राध्यापक औरंगाबादहून आले होते. माणूस सरळ होता, एस.टी.च्या धुळीनं माखला होता आणि तरी खुशीत होता. फोटोतला ग्रंथ ग्रहताऱ्यांच्या गणिताचा, प्रत हैदराबादची. पण तिच्यावरून जळकोटच्या एका मुन्शीनं शंभर वर्षांपूर्वी दुसरी प्रत केली होती. मुन्शी नुसती नक्कल करून थांबला नव्हता. अकरा वर्षं नळदुर्गच्या बुरुजावर बसून त्यानं ताऱ्यांची उंची मोजली आणि जुन्या आकड्यांशेजारी, समासात, आपले आकडे लिहिले. त्याच्या एका पत्रात तसं सापडलं होतं.

"हैदराबादच्या प्रतीत दुसऱ्यांनी पाहिलेलं आकाश आहे," प्राध्यापक म्हणाले. "आपलं, इथलं आकाश त्या समासात आहे. मुन्शींची नातसून गावातच असते ना?"

"असते की," आबाराव म्हणाले, आणि त्यांनी फोटो पालथा घातला.

सात वर्षांमागं, बहात्तरच्या दुष्काळात, याच टेबलापुढं मिलोसाठी, रेशनवरच्या अमेरिकी ज्वारीसाठी, रांग लागली होती. एकेक पायली लाल मिलो घ्यायला सारा गाव उन्हात उभा असायचा. त्या रांगेत मुन्शींची नातसून मेहबूबबी कापडात बांधलेला एक जाडजूड ग्रंथ छातीशी धरून आली. नवरा वारलेला, घराचं माळवद खचलेलं, आणि ती खडी फोडायला तलावाच्या कामावर राहायला निघालेली.

"भाऊ, तुमी शिकलेले. एवढं बघून सांगा," ती म्हणाली होती. "कलाम आसंल तर बारवेत थंड करते. दुसरं काय आसंल तर बहिणीकडं ठिवून जाते."

कलाम म्हणजे कुराण. त्याची जीर्ण पानं कुणाच्या पायाखाली येऊ नयेत म्हणून ती पाण्यात सोडायची, ही त्यांच्यातली रीत. त्याला थंड करणं म्हणत.

आबारावांनी ग्रंथ उघडला. पहिली ओळ भेटली ती ओळखीची: बिस्मिल्ला. तिच्याखालची मात्र लागेना. त्यांनी पानं उलटली, तर वर्तुळं आणि आकडे. पंचवीस-तीस वर्षांत फारसी पार धुऊन गेली होती, आणि रांगेतली पन्नास माणसं त्यांच्या तोंडाकडं बघत होती. वासरांत लंगडी गाय शहाणी खरी, पण त्या गायीला वासरांदेखत लंगडायची भारी लाज. 'मला वाचता येत नाही' एवढं म्हणायचं होतं. तेवढं काही जिभेवर आलं नाही.

"कलामच हाय," ते म्हणाले होते. "वरच बिस्मिल्ला लिवलंय. थंड करा."

मेहबूबबी जराशी थांबली. मग तिनं कापडाची गाठ मारली. रांगेतला बंडप्पा म्हणाला, "शिकलेला मानूस त्यो शिकलेलाच!" आणि आबारावांना ते गोड लागलं.

बिस्मिल्ला काय, प्रत्येक ग्रंथाच्या माथ्यावर असतं, आपल्या लग्नपत्रिकेवर गणपती असतो तसं. आबारावांच्या शाळेतल्या अंकगणिताच्या पुस्तकावरही होतं. हे त्यांना त्याच रात्री आठवलं. सकाळी विचारायला गेले तर मेहबूबबीच्या दाराला कुलूप होतं. बारवेकडं जाऊन बघायचा धीर मात्र त्यांना सात वर्षांत झाला नाही.

आता ते प्राध्यापकांना घेऊन तिच्या दारात गेले, तेव्हा ती ओट्यावर वाकळ शिवत होती. प्राध्यापकांनी येण्याचं कारण सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"बारवेत थंड केला, साहेब. दुष्काळात."

प्राध्यापक पायरीवर बसले. त्यांनी विचारलं, "कलाम आहे असं कुणी सांगितलं?"

मेहबूबबीनं सुई वाकळीत खोचली.

"कुणी न्हाय. मलाच वाटलं."

प्राध्यापक उठून बारव बघायला गेले. काय दिसणार होतं? पण गेले.

"भाबी, माझं नाव का घेतलं न्हाय?"

"घिऊन पानं वर येनार हायत का?"

"म्या खोटं बोललो. मला त्ये वाचताच आलं न्हाय."

"ते मला तवाच कळलं व्हतं," मेहबूबबी म्हणाली. "ल्हानपनी कलाम पढलेय मी, भाऊ. कलामात चित्रं नसत्यात."

"मग थंड का केला?"

"पन्नास मानसांत तुमी सांगितलं. तेच पुस्तक घिऊन मी बहिणीकडं निघाले असते, तर तुमचा शब्द खाली पडला असता." तिनं सुई पुन्हा हातात घेतली. "आन मिलोचं माप तुमी कवा हलकं दिलं न्हाय मला."

तिनं चार शिव्या घातल्या असत्या तर आबारावांना बरं वाटलं असतं.

प्राध्यापक परत आले. चपला चिखलानं भरल्या होत्या. त्यांनी वही काढली.

"कसं गेलं ते लिहून ठेवायला हवं. घरातल्या बाईनं अजाणतेपणी पाण्यात सोडलं, असं लिहितो. नाव नको."

मेहबूबबीनं होकारार्थी मान डोलावली आणि दोरा ओवायला घेतला.

"तसं लिहू नका," आबाराव म्हणाले. शेजारच्या ओट्यावर बंडप्पा दोघाचौघांत तंबाखू मळत बसला होता. त्याला ऐकू जाईल एवढा आवाज त्यांनी चढवला. "सोसायटीच्या आबारावनं वाचून कलाम हाय म्हनून सांगितलं, असं लिहा. नावासकट लिहा."

बंडप्पाचा हात थांबला. प्राध्यापकांनी वहीतून मान वर केली.

"पण तुम्हाला तर फारसी येते."

"येते की," आबाराव म्हणाले. "पहिली ओळ येते."