पट्ट्यातलं सहावं भोक

सहावं भोक दुकानात पाडलेलं नव्हतं. आधीची पाच गोल, सारख्या अंतरावरची, वर्षानुवर्षं बक्कल घासून कडा मऊ झालेली. हे मात्र तबकडीच्या अंगाला, ओळ सोडून किंचित तिरकं, आणि कडेला काळपट... गरम सुई. चिमट्यात धरून गॅसवर तापवलेली. डॉक्टरने घड्याळ उचललं नाही. सकाळी समोरच्या फ्लॅटमधून येऊन ताईने ते रुमालात गुंडाळून हातात दिलं होतं, "सेल गेलाय बहुतेक, येताना टाकून आण," एवढंच म्हणाली होती, आणि आत्ता दवाखान्यात रुमाल उलगडला तेव्हा ते उपडंच पडलं — पट्ट्याची पाठ वर, तबकडी खाली, मासिकाच्या मुद्रितावर.

मुद्रित संध्याकाळी पाचपर्यंत तपासून पाठवायचं होतं. अकरा वर्षं तो फॅमिली डॉक्टरांच्या मासिकात हे सदर लिहीत होता: एक प्रश्न, दोन ओळींचं उत्तर, आणि उत्तरापुढे पुराव्याचा दर्जा. भक्कम अभ्यास असतील तर अ, जेमतेम असतील तर ब, नुसतंच जाणत्यांचं मत असेल तर क. ही सवय अशी अंगात भिनली होती की घरात कोणी काही बोललं तरी मनात अक्षर उमटायचं. शेजारी म्हणाले, लसूण खाल्ला की रक्तदाब पळतो — क. बायको म्हणाली, तुम्ही घोरता — अ, कारण निरीक्षणं वीस वर्षांची. हसू यायचं त्याला स्वतःचंच. आज आलं नाही.

या महिन्याचा प्रश्न: कंबर नुकतीच धरली असेल तर फोटो केव्हा काढावा? उत्तर: धोक्याच्या खुणा नसतील तर पहिले सहा आठवडे एक्स-रे किंवा स्कॅन करू नये, त्याने दुखणं लवकर बरं होत नाही. दर्जा अ. खाली खुणा — ताप, कारण नसताना उतरलेलं वजन, पडून राहूनही न थांबणारी कळ, लघवीवरचा ताबा जाणं, आणि सर्वांत महत्त्वाची, पूर्वी होऊन गेलेला कॅन्सर. शेवटचे दोन शब्द बक्कलाखाली झाकले गेले होते. उत्तर चोख होतं. त्यात काना-मात्रेची चूक नव्हती.

ताईचा आज तेहतिसावा दिवस होता. तिने कॅलेंडरवर रोज एक फुली मारून ठेवली होती. चाळीस वर्षं भूगोल शिकवलेली बाई, तिला नकाशा दिला की ती त्याच्याबाहेर पाऊल टाकायची नाही. आणि नकाशा दिला कोणी? त्यानेच. बुटाची नाडी बांधता बांधता. ती दारात उभी, एक हात कमरेवर — "पाठ धरलीय रे दोन दिवस," — आणि तो खाली मान घालून, नाडीची गाठ आवळत, "अगं, सहा आठवड्यांत आपसूक जाते. झोपून राहू नकोस, चालत राहा." झालं. एवढंच. तिने मान डोलावली, आणि जिन्यात भेटेल त्याला सांगत सुटली: आमच्या डॉक्टरने सांगितलंय, सहा आठवडे! जसं काही त्याने तिच्या नावाने नवा शोधच लावला होता.

मला आठवत नव्हतं असं नाही.

चौदा वर्षांपूर्वीचं ते वर्ष. घरात त्याला 'ते वर्ष'च म्हणतात, दुसरा शब्द नाही. छातीतली गाठ, ऑपरेशन, मग औषधांच्या त्या बाटल्या, आणि ताईचं डोकं — शाळेतल्या पृथ्वीगोलासारखं झालंय म्हणून तीच विनोद करायची. मग बरी झाली. अगदी ठणठणीत. आणि कोणी न ठरवता असं ठरलं की आता हा विषय काढायचा नाही. अल्बममधून त्या वर्षाचे फोटोसुद्धा तिनेच काढून टाकले. नाडी बांधताना मला ते आठवत होतं. खाली मान होती म्हणून बरं. डॉक्टरला जे पहिल्यांदा आठवायला हवं होतं, ते भावाने पायाखाली दाबून धरलं, आणि वर उत्तर ठेवून दिलं — दर्जा अ.

"पाठवू का पुढचा?" दारातून मावशींनी विचारलं. दवाखाना उघडल्यापासून त्याच बाहेरचं काउंटर सांभाळत होत्या आणि पेशंटइतकंच डॉक्टरलाही रांगेत ठेवत होत्या.

पुढचा म्हणजे एक माळी. कंबरच. दहा दिवस. डॉक्टरच्या तोंडून प्रश्न आपोआप बाहेर पडले: ताप येतो का, वजन उतरलंय का, रात्री कळ उठवते का, लघवीचा काही त्रास, पूर्वी कुठला मोठा आजार, गाठबिठ? नाही, नाही, नाही. वाकवून पाहिलं, पाय उचलून पाहिले.

"एक फोटो काढला असता तर मनाला बरं वाटलं असतं, डॉक्टर."

"मनाचा फोटो निघत नाही. चालत राहा. महिन्याभरात थांबलं नाही तर या."

माळी हसला आणि गेला. प्रश्नांना किती वेळ लागला? अर्धं मिनिट. अनोळखी माणसाला अर्धं मिनिट दिलं, आणि ताईला...

आता काय करायचं, हा प्रश्न सदरात कधीच आला नव्हता. विचारावं, तर तेहतीस दिवस का थांबलास, हे तिने न विचारताच पुढे उभं राहणार. ती विचारणार नाही, तिच्या अंगात ते नाहीच, आणि तेच जास्त वाईट. न विचारावं, तर नऊ दिवस उरलेत. नऊ दिवसांनी कोणीही बोट दाखवू शकणार नाही, नियम पाळला गेला असेल. तो मुद्रिताकडे बघत राहिला. दोन ओळी. आपणच बांधलेली खोली, आपणच आतून लावलेली कडी, आणि किल्ली कुठे आहे हे पक्कं ठाऊक असूनही हात उचलत नाही... भीती वाटत होती. दुसरं काही नाही, साधी भीती.

लहानपणी इंजेक्शनच्या वेळी ताई त्याचे डोळे झाकायची. "मी दहा मोजते. दहा म्हटलं की सुई. तोवर काही नाही." आणि मोजायची — सात, आठ, नऊ, सव्वानऊ, साडेनऊ, पावणेदहा... दहा कधी यायचेच नाहीत. त्याच्या आत सुई टोचून, निघून, कापूससुद्धा लागलेला असायचा. फसवणूक होती ती, पण काय मायेची.

दुपारी टेबलावर रुमाल नुसताच होता. मावशींनी घड्याळ खाली घड्याळजीकडे नेलं होतं, विचारायचं कशाला, ताईंचं तर काम. साडेचारला परत आल्या त्या तणतणत.

"हसला मला तो! म्हणाला, सेल ठणठणीत आहे, काटा सेकंदानेसुद्धा चुकत नाही. चालत्या घड्याळाला कोणी सेल टाकतं का?"

त्यांनी ते सुलट ठेवलं. काटा फिरत होता. सकाळभर त्या कागदावर पालथा पडून फिरतच होता, आणि त्याने एकदाही उलटून पाहिलं नव्हतं.

ताई — जिने आयुष्यात कोणाला ते घड्याळ हातात घेऊ दिलं नाही, जी वर्गातही घंटेआधी ते बघून खडू खाली ठेवायची — तिने ते रुमालात गुंडाळून आणून दिलं. बोलायचं तर नाही, असं ठरलेलं. मग आणखी कसं सांगणार होती?

त्याने फोन लावला.

"ताई, सेल चांगला आहे."

"हो का? पट्टा बघितलास?"

"बघितला."

"वाकडं पडलं भोक. मनगटावर सैल व्हायला लागलं होतं, पण मला कुठलं जमायला. अजून नऊ दिवस आहेत ना रे सहा आठवड्यांना?"

आवाजात तक्रार नव्हती. ती खरंच विचारत होती, जसं काही तो म्हणाला तर ती अजून नऊ फुल्या मारेल. या वेळी डोळे तिने मिटले होते आणि मोजत मी होतो — साडेनऊ, पावणेदहा — आणि माझ्या मोजण्यात तिची माया कुठेच नव्हती. सुई कधीची टोचून बसली होती आणि मी आपला स्वतःसाठी आकडे लांबवत होतो.

बाहेर मावशी कोणाला तरी बसायला सांगत होत्या. पाचला दहा मिनिटं. मुद्रितावर सही राहिली होती. दार तेच, भिंती त्याच.

"ताई," तो म्हणाला, "रात्री दुखतं का गं?"

"दुखतं."

तो अक्षराची वाट बघत होता, सवयीने. उमटलं नाही. नुसतं ऐकू आलं, पलीकडे ती श्वास घेतेय, आणि अलीकडे आपण.